अंकलच्या गाडीतला रविवार

आम्हाला मुंबई दाखवायला निघालेल्या अंकलवर आईचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. पप्पांचा मात्र पुरेपूर होता. पप्पा शाळामास्तर. मुलांच्या गणितातली चूक त्यांना लांबून दिसायची, पण माणसाकडे त्या नजरेने बघणं त्यांना जमलं नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या उत्तरेला गास गावात आमची वाडी होती. केळी, पानवेली, एक विहीर आणि मागच्या अंगाला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. अंकल पहिल्यांदा आले ते सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकत घ्यायला. मग दर पंधरा दिवसांनी यायला लागले. कधी आमच्यासाठी चॉकलेटं आणायचे, कधी पप्पांसाठी पेन. सुकेळी त्यांनी पुन्हा कधी मागितली नाहीत, हे फक्त आईच्या ध्यानात आलं होतं.

मे महिन्यात ते म्हणाले, "मास्तर, पोरांना सुट्टी आहे. रविवारी माझी गाडी रिकामीच उभी असते. मुंबई दाखवतो, मिनीगोल्फ खेळवतो."

मिनीगोल्फ म्हणजे काय ते मला आणि माझ्या धाकट्या भावाला ठाऊक नव्हतं, पण आम्ही उड्या मारल्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

अंकल गेल्यावर आईने विचारलं, "कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? माणूस चांगला आहे म्हणून," पप्पा म्हणाले.

रविवारी आई चर्चमध्ये पहिल्या मिसाला जाऊन आली, ठेवणीतलं लाल लुगडं नेसली आणि तांदळाच्या भाकऱ्या नि सुक्या बोंबलांची चटणी असा डबा भरला. "त्यांनी दिलेलं काही खायचं नाही," तिने आम्हाला बजावलं.

गाडीत पप्पा पुढे बसले. आई मागून आरशातले अंकलचे डोळे बघत होती. गेटवेला आम्ही बोटी मोजल्या. म्युझियममध्ये पेंढा भरलेला वाघ बघून भाऊ माझ्यामागे लपला. मलबार हिलच्या बागेत म्हातारीच्या बुटात मी वरपर्यंत चढले, तर अंकलही माझ्या मागोमाग वाकत वाकत आले. खिडकीतून समुद्र दाखवत त्यांनी सहज विचारलं, "तुमची विहीर उन्हाळ्यात आटते का गं?"

"नाही. बावखलही नाही आटत," मी अभिमानाने सांगितलं.

"आणि रस्ता? ट्रक येतो वाडीपर्यंत?"

"केळी न्यायला येतो ना."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खाली उतरल्यावर आईने मला बाजूला घेतलं.

"वर काय बोलत होते?"

मी सांगितलं. तिचा चेहरा बदलला. तिथून पुढे तिने माझं मनगट सोडलं नाही. आपण काहीतरी देऊ नये ते देऊन बसलो, असं मला वाटायला लागलं.

परतीच्या वाटेवर जुहूकडच्या एका हॉटेलमागे मिनीगोल्फ होतं. हिरव्या गालिच्याच्या पट्ट्या, एक फिरती पवनचक्की, छोटा पूल. चेंडू काठीने ढकलून भोकात घालायचा. पप्पा दर खेपेला जिंकत होते आणि लहान मुलासारखे खूश होत होते.

"मुद्दाम चुकतायत ते," आई माझ्या कानात म्हणाली. मी नीट बघितलं. खरंच, अंकलचा चेंडू दर वेळी भोकापर्यंत सरळ जायचा आणि शेवटच्या क्षणी मात्र चुकायचा.

शेवटची पट्टी टेकडीसारखी होती. "वहिनी, तुम्ही मारा एकदा," अंकल हसत म्हणाले.

आईने नको म्हटलं नाही. पदर खोचला, वाकून गालिच्याचा उतार बघितला. वाडीत पाटाचं पाणी कुठे वळवायचं ते ती रोज ठरवायची. तिने चेंडू भोकाच्या दिशेने मारलाच नाही, बाजूला मारला. तो वळसा घेऊन हळूच आत पडला. भावाने टाळ्या वाजवल्या.

"जमिनीची चांगली जाण आहे तुम्हाला," अंकल म्हणाले.

"आहे. म्हणून विचारते, आमची जमीन तुम्हाला कशाला हवीय?"

पप्पा ओरडले, "अगं!"

अंकलचं हसू तसंच राहिलं, पण जरा जास्तच वेळ. मग ते म्हणाले, "आज सुट्टीचा दिवस. तो विषय आज नको."

तेवढ्याने पप्पांना कळलं. काठी खाली ठेवून ते अगदी हळू म्हणाले, "वाडीचे जुने कागद त्यांच्याकडे आहेत. वकिलाला दाखवून नीट लावून देतो म्हणाले होते."

आई गाडीकडे चालू लागली. गाडीत भाऊ माझ्या मांडीवर झोपला. दिवेलागणीला आम्ही गासला पोचलो. अंकलनी दार उघडलं तरी आई उतरेना.

"कागद द्या."

"घरी आहेत, वहिनी. पुढच्या वेळी..."

"मग इथेच बसते."

अंकलनी गाडीचा पुढचा कप्पा उघडून लिफाफा दिला. पप्पांनी तो दिव्याखाली धरला. आमच्या कागदांच्या मागे वाडीच्या विक्रीचा टाइप केलेला एक नवा करार होता. पप्पांचं नाव त्यात आधीच होतं, सहीची जागा तेवढी कोरी. पप्पांनी तो सगळा उभ्या उभ्या वाचला आणि परत दिला.

"मी काही जबरदस्ती केली नसती, मास्तर," अंकल म्हणाले.

"नसतीच केली," आई म्हणाली. "एवढं फिरवल्यावर यांना नाही म्हणता आलं नसतं."

गाडी गेली. पप्पा जेवले नाहीत. दोन दिवस ते आईशी धड बोलले नाहीत, आणि ते तिच्यावर रागावलेत की स्वतःवर, ते आम्हाला समजेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागदांच्या पेटीची किल्ली चुलीजवळ आणून तिच्या पुढ्यात ठेवली आणि शाळेच्या विहिरीची मोटर बघायला जातो म्हणून निघून गेले. आईने किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात ओवली.

मला मात्र तो दिवस फार आवडला होता. हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही.