कोरी सूची आणि शेजारचे काका

अंबडच्या आमच्या छपाईच्या दुकानात मला सांभाळून घेतलं ते शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांनी. पूर्वी तेही हेच काम करायचे. मी भंडाऱ्याकडची, शाळा आठवीत सुटलेली. साध्या मजकुरातून पुस्तकाची पीडीएफ काढायला नुकतीच शिकले होते. काकांना काहीही सांगा, आधी म्हणणार, “बरं, मग?” त्यानं निम्मी भीती जाते.

त्या दिवशी द्राक्षांच्या रोगांवरचं पुस्तक द्यायचं होतं आणि शेवटची शब्दसूची कोरीच येत होती. “संध्याकाळपर्यंत नाही जमलं तर दुसरी बाई बघतो,” असं सांगून शेठ बाहेर गेले होते. मी काकांना हाक मारली.

“सूचीत यायच्या शब्दांना खुणा केल्यास ना?” काकांनी विचारलं.

“केल्या. तरी पान कोरं.”

“बरं, मग? पीडीएफ किती वेळा काढलीस?”

“एकदाच.”

“अगं, पहिल्या वेळी नुसते शब्द नि पानं गोळा होतात. सूची लावायचा प्रोग्रॅम वेगळा. तो चालव, मग परत पीडीएफ काढ.”

कीबोर्डला त्यांनी हातही लावला नाही. चहा पीत उभे राहिले. मी तो प्रोग्रॅम चालवला, परत पीडीएफ काढली. करपा, केवडा, भुरी, सगळे रोग पानांच्या आकड्यांसकट ओळीनं उतरले.

शेठनं येऊन विचारलं, “काका, तुम्ही करून दिलंत वाटतं?”

“छे, तिनंच केलं. मी चहा प्यायला आलो होतो.”

माझी नोकरी टिकली. सूची अजून दोनदा तपासते, पण झोप शांत लागते. गावी जाईन तेव्हा घरचा चिन्नोर तांदूळ आणीन आणि काका-काकूंना माझ्या खोलीवर पोटभर जेवू घालीन.