द्वारकाबाईची हजेरी

आमच्या इंग्रजी शाळेत मुलांच्या छळाविरुद्ध समिती आहे. तिला लेटरहेड आहे, शिक्का आहे आणि राजेंद्र सर नावाचा सचिव आहे, म्हणजे मी. दोन वर्षांत समितीने चार पोस्टर लावली आणि नऊ वेळा समोसे खाल्ले. एकही तक्रार आली नाही, असं मी अहवालात अभिमानाने लिहिलं. तक्रारपेटीची किल्ली हरवली होती, ते मात्र लिहिलं नाही.

शाळेच्या बसवर मावशी म्हणून द्वारकाबाई आहेत. सहीपुरती अक्षरं येतात, तेवढंच शिक्षण. पुंडलिकनगरचा शेवटचा थांबा झाला की बत्तीस पोरांची नावं आणि शेवटी ‘सर’ असं तोंडपाठ म्हणायचं, प्रत्येकाची ओ ऐकायची आणि मग पत्र्यावर दोन थापा मारायच्या, ही त्यांची रीत. त्या थापा पडल्याशिवाय ड्रायव्हर गयासभाई गाडी हलवत नाहीत. पुढच्या सीटवर मुलांच्या सुरक्षेसाठी मी असतो. मोबाइल बघत.

पोरं ‘प्रेझेंट आंटी’ म्हणायची. जूनमध्ये वैजापूरकडची तनुजा पाचवीत आली आणि म्हणाली, "व्हय." अख्खी बस खो खो हसली. तेव्हापासून तिचं नाव आलं की आठवीतला शिवम नुसता हात वर करायचा आणि मागची रांग सुरात ‘व्हय, व्हय’ ओरडायची. पोरगी आधी हळू बोलू लागली, मग नुसतं बोट वर करू लागली, मग डबा न उघडताच घरी नेऊ लागली. मला सगळं ऐकू येत होतं. मीही वैजापूर तालुक्यातलाच. ते ‘व्हय’ जिभेवरून घासून काढायला मला वीस वर्षं लागली होती. कशाला नसती आफत ओढवून घ्या?

ऑगस्टमध्ये शाळेने ‘धाडस सप्ताह’ काढला. छळाविरुद्ध नाटक बसवलं. त्यात दुबळ्यांना वाचवणारा वीर कोण, तर शिवम. आवाज खणखणीत म्हणून मीच निवडलेला. नाटकाच्या दिवशी तो पुठ्ठ्याची तलवार खोचून बसमध्ये चढला.

"तनुजा?" द्वारकाबाईंनी पुकारलं. तिने दप्तरात तोंड खुपसलं होतं. मागून सूर लागला.

"मला घरी सोडा, मावशी. मी आता शाळेत येणार नाय."

"नको येऊ बाई. पण गाडीत हायस तर ओ दे."

ती बोलेना. द्वारकाबाई सगळ्यांकडे वळल्या. "हजेरी पुरी झाल्याबिगर गाडी हालायची नाय."

"बाई बोली तो बोली," म्हणत गयासभाईंनी इंजिन बंद केलं.

"मावशी, दहाला पाहुणे येतायत," मी म्हणालो. "पोरांचं चालायचंच."

"पाव्हण्यास्नी सांगा, हजेरी चालू हाय."

पंचवीस मिनिटं बस जागची हलली नाही. मुख्याध्यापिकांचे सात फोन आले. वीर घामाघूम झाला. द्वारकाबाईंनी यादी पुन्हा पहिल्यापासून धरली, तनुजाला शेवटी ठेवून. दुसरीतल्या मोनिकाचं नाव आलं. समोरचे दोन दात पडलेली चिमुरडी. तिने शिवमकडे पाहिलं, तनुजाकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, "व्हय!"

मागे कुणी तरी हसलं, पण त्याला साथ मिळाली नाही. पुढचा पोरगा म्हणाला, "व्हय." त्याच्या पुढचीही. शिवम ‘प्रेझेंट’ पुटपुटला.

"सर?"

"प्रेझेंट," मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालो.

"तनुजा?"

मग दप्तरातूनच आवाज आला, "व्हय." पत्र्यावर दोन थापा पडल्या.

नाटक झालं. शिवमने दुबळ्यांना वाचवलं. पाहुण्यांनी त्याला शाल-श्रीफळ दिलं. द्वारकाबाईंना मेमो मिळाला. तो समितीच्या लेटरहेडवर मीच लिहिला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वाचून दावा सर. म्या अडाणी."

मी वाचला. "आपल्या बेजबाबदारपणामुळे छळविरोधी कार्यक्रमास पंचवीस मिनिटे उशीर झाला."

"कुणी लिवलं?"

"समितीनं."

"बरं." त्यांनी कागदाची घडी कमरेला खोचली. मला इतकी लाज वाटली की खिडकीतून उडी मारावी. शेवटच्या थांब्यावर तनुजा उभी होती. चढली, मोनिकाजवळ बसली. हजेरी सुरू झाली.

"सर?"

बत्तीस पोरं माझ्याकडे बघत होती. मी मोबाइल खिशात घातला.

"व्हय," मी म्हणालो. आवाज फाटला. सगळ्यात आधी तनुजा हसली.