वाल्मीकभाऊ आणि खचत चाललेला गायक

वाल्मीकभाऊ मशीनच्या कडेने डोळे मिटून चालायचे. पॉलिएस्टरचा धागा पिळणारी आमची मशीनं लांबच लांब, आणि त्यांचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. त्या कल्लोळात हे गृहस्थ हात पाठीमागे बांधून, प्रदक्षिणा घालावी तसे सावकाश जायचे, मधेच थांबायचे आणि एका फिरत्या स्पिंडलकडे बोट दाखवायचे. "ही. दोन दिवस काढेल." फिटरने उघडून पाहिलं की आतलं बेअरिंग खरंच झिजलेलं असायचं. मला पहिल्यांदा वाटलं, आदल्या दिवशी हेरून ठेवलं असणार आणि आज नव्या मॅडमपुढे शायनिंग चाललंय. तसं काही नव्हतं.

मी तिथे सेफ्टी खात्यात लागले होते. सेफ्टी खातं म्हणजे एक साहेब, मी आणि एक कपाट. वडील सरकारी नोकरीसाठी रत्नागिरीहून सिल्वासाला आले, त्यामुळे मी इथलीच. वाल्मीकभाऊ शिरपूरकडचे, आयटीआय करून इकडे आलेले आणि आता शिफ्टचे सुपरवायझर. ते टोकरखाड्याला कंपनीच्या बसमधे चढायचे, मी पुढे डोकमर्डीला, आणि त्यांच्या शेजारची जागा बहुतेक रिकामी असायची. आता ते सिल्वासात नाहीत. त्यांच्या जाण्यात माझा हात आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाला फार शहाणी वाटायला नको.

ती जागा रिकामी असायची, कारण तिथे बसणाऱ्याच्या कानात ते इयरफोन खुपसायचे. नवी मशीनं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता, तीन आठवडे राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, खाणाखुणांवर सगळं चाललं. जाताना त्याने वाल्मीकभाऊंच्या फोनमधे आपल्या आवडत्या रॉक बँडचं सगळं भरून दिलं: बँडचे पाच अल्बम, आणि बँड फुटल्यावर त्यातल्या गायकाने एकट्याने केलेले तीन. भाऊंना इंग्रजी वाचायचा कंटाळा. त्यांनी चित्रावरून नावं ठेवली. पत्र्याची शेड, विहीर, पाठमोरी बाई, खुर्ची, आणि पाचव्यावर काहीच चित्र नव्हतं म्हणून राखाडी. पुढचे तीन म्हणजे एकटा पहिला, एकटा दुसरा, एकटा तिसरा.

"शब्द कळतात का तुम्हाला?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"शब्द कशाला पाहिजे, ताई? मशीनला कुठे शब्द राहतात? तरी त्याला काय दुखून राहिलं ते कळतंच ना आपल्याला."

त्यांचा नियम एकच. पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि एक अल्बम अंगात मुरल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. मला त्यांनी शपथच घातली होती. "पुढचं ऐकाल तर माझी जागा सोडा." पत्र्याच्या शेडमधे तो गायक असा ओरडायचा की वाटावं, याला आत कोंडून कोणी बाहेरून कडी लावली आहे. विहिरीत त्याने ओरडणं सोडलं होतं. तो हळू बोलायचा आणि तेच जास्त भीतीदायक होतं. सुरुवातीला मला ते सगळं मोरीत भांडी आपटल्यासारखं वाटे. तीन-चार महिन्यांनी मी पोळ्या लाटताना विहिरीतली चाल गुणगुणत होते, आणि आई विचारत होती की डोकं दुखतंय का.

मी तिसऱ्यावर रेंगाळले, ते खुर्चीवर पोचले. तिथून काहीतरी बिनसलं. "ताई, यांनी झांज काढून टाकली," एक दिवस बसमधे ते म्हणाले. ड्रमवरच्या त्या पितळी थाळ्यांना ते झांज म्हणत. "वाजवणारा रुसून गेला असेल. बँडमधे भांडणं असतातच." मी हो म्हटलं. राखाडीला आल्यावर त्यांची काळजी गायकाकडे वळली. "गडी स आणि श खाऊन राहिला. दात पडले का काय त्याचे?" पुढे हे रोजचंच झालं. दवाखान्यात पडलेल्या चुलत्याची खबर सांगावी तशा गंभीर चेहऱ्याने ते मला त्या अनोळखी माणसाची तब्येत सांगायचे. आवाज आत जातोय, मधे कोणी पडदा टाकलाय, धाप लागतेय.

एकट्या पहिल्याला तर त्यांनी निकालच दिला. "आता नुसता घुमारा उरला. हा माणूस संपून राहिला, ताई. पुढच्या दोनमधे आपण त्याला जाताना ऐकणार बघा." मी फोनवर शोधलं तर गायक धडधाकट होता, नुकताच कुठेतरी गाऊन आला होता. फोटो दाखवला. भाऊंनी तो लांब धरून पाहिला आणि परत केला. "फोटोत सगळेच बरे दिसतात." मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. ज्या माणसाला बेअरिंग दोन दिवस आधी ऐकू येतं, त्याच्यापुढे माझ्या कानाची काय मिजास?

त्यांच्या लाइनवरच्या रमेशने सुरंगी गावात नवं घर बांधलं, म्हणून आम्हाला दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. दुपारची वेळ, घरामागे सागाची झाडं, आणि त्या झाडांवर कसलेसे किडे इतके किरकिरत होते की रमेशच्या बायकोला "भात पुरे" हे मला दोनदा सांगावं लागलं. जेवण झाल्यावर वाल्मीकभाऊ ओट्यावर टेकले आणि समाधानाने म्हणाले, "प्लांटमधून इथे आलं की बरं वाटतं. काही आवाज नाही. एक पान हलत नाही." मी हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, यात हसण्यासारखं काय असं. रमेशने झाडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बसमधे त्यांनी इयरफोन काढून हातात धरला. "ताई, फोनमधली गाणी जुनी झाली की खराब होतात का?"

"नाही हो. का?"

"पत्र्याची शेड परत लावली होती. तिची पण झांज गेली. त्याचा पण आवाज आत गेला. पहिल्या अल्बमात तर तो जवान होता ना."

मी त्यांच्या हातातून इयरफोन घेतला. झांज होती. कानठळ्या बसतील इतकी होती. गायक नेहमीसारखा कडी लावलेल्या दाराआडून बोंबलत होता आणि त्याचा एकेक स सुईसारखा टोचत होता. मी इयरफोन परत दिला आणि म्हटलं, "बघते."

त्या दिवशी मी शपथ मोडली. ऑफिसचं दार लावून खुर्ची ऐकला, राखाडी ऐकला, जेवण सोडून ते तिन्ही एकटे ऐकले. कुठेच काही खचलेलं नव्हतं. बँड जसा पुढे गेला तसा त्याने गोंगाट कमी केला होता एवढंच. आणि एकटा तिसरा तर इतका जवळून गायलेला होता की तारेवरून सरकणारं बोट ऐकू येत होतं, ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू येत होता. त्या कारखान्यात संगीताचा खरा दर्दी एकच, आणि यातलं सगळ्यात सुंदर जे होतं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मग उठून कपाट उघडलं.

कपाटात गेल्या वर्षीच्या तपासणीचे कागद होते. दरवर्षी कामगारांचे कान तपासायला बाहेरून एक तंत्रज्ञ येतो. कँटीनमधे टेबल मांडतो, कामगाराला हेडफोन घालतो, हातात बटण देतो. कानात टूं वाजलं की बटण दाबायचं. आता टेबलापलीकडे तंत्रज्ञाचं बोट कळ दाबताना समोर दिसत असतं, आणि पोरं एकमेकांना सांगत, टूं-बिं सोड, बोट बघ. कोणी लबाडी म्हणून करत नसे. रांग मोठी, मशीन खोळंबलेलं. मी स्वतः रांगेत फिरून म्हणत होते, "आवरा पटापट, बोट बघा आणि दाबा." वाल्मीकभाऊंच्या कागदावर दोन्ही कान उत्तम होते. खाली सही माझी. कानात घालायची बुचं मीच वाटायचे, आणि ते ती खिशात टाकून म्हणायचे, "बूच घालून मी मशीनचं काय ऐकू?" आणि मी कौतुकाने हसून पुढे जायचे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगून टाकलं. बसमधेच, त्यांच्या कानाशी. ते आधी हसले. मग चेहरा बदलला. "कान माझे? अख्ख्या प्लांटला विचारा माझे कान." मी म्हटलं, भाऊ, हल्ली तुम्ही स्पिंडलवर तळवा ठेवून मग सांगता, मी पाहिलंय. ते खिडकीकडे वळले. उतरताना म्हणाले, "मागच्या साली पास झालो ना मी? सही कोणाची, ताई?" पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांचा डबा असायचा.

मीही गप्प बसले असते, खोटं कशाला सांगू. कान गेले म्हणून फ्लोअरवरून काढलं तर त्या माणसात उरतं काय? पण एका सकाळी मी मशीनांच्या गल्लीत उभी असताना भाऊ पुढे चालत होते आणि मागून बॉबिनच्या पेट्या लादलेला फोर्कलिफ्ट आला. हॉर्न वाजवत होता, सारखा वाजवत होता. सगळे बाजूला झाले. भाऊ डोळे मिटून मधोमध चालत राहिले. ड्रायव्हरने ब्रेक मारला तेव्हा पुढचा लोखंडी फाळ त्यांच्या पोटरीला टेकला. ते वळले, ड्रायव्हरला म्हणाले, "हॉर्न तर मार, भाई." ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला.

त्याच महिन्यात तपासणी आली. वाल्मीकभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघून हसले. "बघा आता, ताई," म्हणाले, "तुमची शंका फेडून टाकतो." ते खुर्चीत बसले, हेडफोन घातला, बटणावर अंगठा ठेवला आणि नजर समोर लावली.

मी फाइल छातीशी धरून गेले आणि त्यांच्या आणि तंत्रज्ञाच्या बोटाच्या मधे उभी राहिले.

मागे कळ दाबल्याचा खट आवाज आला. पुन्हा खट. तंत्रज्ञ आवाज वाढवत होता. हेडफोनमधून निसटणारी बारीक शिट्टी मला उभ्या जागी ऐकू येत होती. वाल्मीकभाऊ माझ्याकडे बघत होते, शांत, तयारीत, अंगठा बटणावर. एक कान झाला. दुसरा कान झाला. तंत्रज्ञाने पेनाचं टोपण लावलं.

भाऊंनी हेडफोन एका बाजूने जरा उचलला.

"ताई," ते म्हणाले, "त्याला सांगा ना, सुरू कर म्हणावं."