रुमालाखालचा भाव

पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये मला बसवताना आईने डोळ्यांना पदर लावला आणि अण्णांनी ड्रायव्हरला गाठलं. "पोरगी पहिल्यांदाच चाललीय. वाकडला हाक मारून उतरवा." मला मात्र एवढंच म्हणाले, "जेवायचं टाळू नको, माय." गाडी हलली तरी मी मान वळवून बघत राहिले. लातूरकडचं आमचं गाव सोडून आलेल्यांना, आणि तिथे मागे राहिलेल्यांनाही, हे वेगळं सांगायला नको.

आता मी मारुंजीत राहते. बिल्डिंगमधले भाडेकरू बहुतेक आपल्याचकडचे, कुणी नांदेडचं, कुणी परभणीचं. सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सगळे एकमेकांवर हॉर्न वाजवतो. फोनवर आईला "आज रिलीज आहे, उशीर होईल" म्हटलं की ती विचारते, "मग डबा कधी रिलीज होणार?" तिला कशाचं म्हणून कौतुक नाही.

अण्णा आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दलाल होते. पोत्यांच्या थप्पीशी उभं राहून घेणारा आणि विकणारा यांच्यात सौदा जमवायचे, तोही तोंडाने नाही. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. लहानपणी मी हट्ट धरला की ते रुमालाखाली माझीही बोटं दाबत, आणि मी "परवडत नाही" म्हणून हात काढून घेई. पुढे ती पद्धत बंद झाली आणि बोली मोबाइलवर गेली. आता व्यापारी दुकानात बसून आकडा टाकतो आणि तो मोंढ्यातल्या मोठ्या पडद्यावर दिसतो. आपल्या तुरीला कोण काय देतंय ते शेतकऱ्याला उघड कळतं, हे चांगलंच झालं. पण दलालाला कुणी विचारेना. आणि माझं नशीब असं, की मला नोकरी लागली ती हेच लिलावाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण विषय कुणी काढत नसे. अण्णांच्या पोटावर आपणच पाय दिला, असं मला सारखं वाटायचं.

यंदा दोघं मारुंजीला राहायला आले. एका रविवारी अण्णा म्हणाले, "दाखीव बरं तुझं काम." मी टेस्टिंगचा खोटा लिलाव उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. "तूर आहे. लावा भाव." अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढला, मोबाइलवर टाकला आणि आत बोट घालून आकडे दाबायला लागले.

आईला हसून हसून ठसका लागला. मी म्हटलं, "अहो अण्णा, इथं कोण बघतंय?"

"बोटाला सवय हाय," ते म्हणाले आणि स्वतःही हसले. मला मात्र हसू येईना, रडूच फुटलं. शेवटी विचारून टाकलं, "माझा राग येतो का हो? तुमचं काम आमच्यामुळं गेलं."

अण्णांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "तू नसतीस तर दुसऱ्या कुणाच्या लेकरानं केलं असतं. राग कशाचा, माय?"

मग आई बोलली. "अगं, काम नसलं तरी रोज सकाळी मोंढ्यात जातेत. पडद्याखाली उभं ऱ्हाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेत, हे आमच्या पोरीनं केलंय म्हणून."

"सगळं कुठं? मी त्यातलं एक बटण तपासते!"

"ते त्येंला कोण सांगणार?"

अण्णा गॅलरीकडे बघत बसले होते, पण कान लाल झाले होते.

थोड्याच दिवसांत दोघं परत गेले. त्यांना इथे करमत नाही, आणि माझ्या कामाचं तिथे काही नाही. तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी आमच्या गल्लीचं नाव सांगायचे. हल्ली सकाळी ऑफिसात लॉगिन केलं, लिलाव सुरू झाला आणि स्क्रीनवर आमच्या मोंढ्याचं नाव दिसलं, की मला कळतं, माझं घर या वेळी तिकडे पडद्याखाली उभं आहे, मान वर करून. मग ते बटण मी गरजेपेक्षा एकदा जास्तच तपासते.