डबीवरचा काळूमामा

बूट पॉलिशच्या डबीवर 'काळूमामा' हे नाव आणि चित्र आधी आलं आणि आमचा काळूमामा मागून आला. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गावभर समज उलटा आहे. लोकांना वाटतं, कंपनीने याला समोर बसवूनच ते चित्र काढून घेतलं: काळाकुट्ट चेहरा, बटाट्याएवढे डोळे आणि डबी हातात घेणारा दचकेल अशी बत्तिशी. खरं म्हणजे तो सेल्समन म्हणून कंपनीत लागला तेव्हा डबी चांगली जुनी झाली होती. थोरल्या मालकांनी याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग टेबलावरच्या डबीकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता नोकरी दिली. "बाकीचे सर्टिफिकिटं घेऊन गेले, मी तोंड घेऊन गेलो," असं तोच सांगतो आणि ऐकणारा हसायच्या आत स्वतः हसून मोकळा होतो.

हे आधी हसणं हीच त्याची सगळी विद्या. आपल्या रंगावर कुणी ना कुणी बोलणारच, मग दुसऱ्याला कशाला तसदी? आपणच बोलावं, आपणच हसावं, समोरच्याला जागाच ठेवू नये. वीज गेली की बायकोला म्हणायचा, "दात दाखवतो थांब, म्हणजे सापडेन." लग्नाच्या फोटोत नवरा दिसत नाही, नुसता सूटच उभा आहे, हेही त्याचंच. बायको पहिली काही वर्षं हसली, नंतर "पुरे आता" म्हणू लागली आणि पुढे तेवढंही म्हणेनाशी झाली. पण याची गाडी काही थांबली नाही.

धंद्यात तर याचंच खायचा. चपलांच्या दुकानात शिरला की नमुन्याची पेटी काउंटरवर ठेवायची, डबी उघडायची, गालाला लावायची आणि दुकानदाराला विचारायचं, "सांगा बघू, मामा कुठला आणि पॉलिश कुठलं?" दुकानदार हसला की समजावं, ऑर्डर मिळाली. गिऱ्हाईकं हसायची, रस्त्यावरची माणसं दारात थांबायची. दुसऱ्या कंपन्यांचे गोरेगोमटे, टाय लावलेले सेल्समन टाय चाचपत बाहेर उभे असायचे. काळूमामाचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं होतं. एकदा बँकेत कुणी त्या नावाने हाक मारली तर हा शेजारच्या माणसाला म्हणाला, "जा हो, तुमचा नंबर आला."

आणि मग एक दिवस वाद पेटला. कॉलेजातल्या कुणा मुलीने डबीचा फोटो मोबाइलवरून जगभर धाडला आणि खाली लिहिलं, की हा माणसाच्या कातडीचा अपमान आहे, नाव बदला. झालं! पेपरात पत्रं, टीव्हीवर आरडाओरडा. एक बाजू म्हणे, आजोबांच्या वेळेपासूनचं नाव आहे, आताच कुणाच्या पोटात दुखायला लागलं? दुसरी बाजू म्हणे, दुखत तेव्हाही होतं, ऐकायला कान नव्हते. ऑफिससमोरच्या चहावाल्याकडे रोज जुंपायची. काळ्या माणसाला काय वाटत असेल, यावर दोन गोऱ्या कारकुनांची एकमेकांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली आणि काळूमामा त्यांच्या मधल्या स्टुलावर बसून बशीतला चहा संपवत होता. त्याला कुणी विचारलं नाही. त्यालाही त्यात काही चुकलंसं वाटलं नाही, हे विशेष.

कॉलेजातली मुलं मात्र घरी आली. "काका, तुमचा रोज अपमान होतोय," असं ती कळवळून म्हणाली. "अरे बापरे, आणि मला पत्ताच नाही," हा म्हणाला. मुलं बिचारी हसावं की रडावं या पेचात चहा पिऊन गेली. दोन-चार दिवस तो हा किस्सा रंगवून सांगत फिरला.

मग धाकट्या मालकांनी बोलावून घेतलं. खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये याला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती, त्यामुळे अर्धं डोकं तिथेच फिरलं. नगरभवनात खुली सभा होणार होती, दोन्ही बाजू बोलणार होत्या. "मामा, तुम्ही भाषण करायचं नाही," धाकटे मालक म्हणाले. "नेहमीचं करायचं. डबी गालाला लावायची, तेच विचारायचं. तुम्हाला स्वतःला काही वाटत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला बोंबलायचं? लोक हसले की वाद संपला."

काळूमामा तरंगतच घरी आला. सूट इस्त्रीला टाकला. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा तिला हौसेने सगळं सांगितलं. मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिची शाळकरी लेक दुपारभर आजी-आजोबांकडे असते आणि खरं सांगायचं तर काळूमामाचा दिवस त्या दुपारीच काय तो उजाडतो. लवकरच रिटायर व्हायचं म्हणून त्याची दुपारची फिरती बंद झाली होती, आणि नातीसाठी दार उघडायला तो आधीपासूनच कडीला हात लावून उभा असायचा.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. ती बापासारखीच काळी, पण बापासारखी हसरी नव्हे. "बाबा, तुम्ही स्टेजवर ते केलंत तर दुसऱ्या दिवसापासून ही इथे यायची नाही. मी पाळणाघर बघून ठेवलंय."

"अगं, गंमत असते ती."

"हिला विचारा गंमत."

नातीला विचारावं लागलंच नाही. ती उठली, आजोबांच्या पेटीतली डबी सराईतपणे उघडली आणि गालाला लावून म्हणाली, "सांगा बघू, मी कुठली आणि पॉलिश कुठलं?" आणि कुणी हसायच्या आत स्वतः खदखदून हसली. अगदी त्याच्यासारखीच, मान मागे टाकून. "वर्गात करते मी असं," ती म्हणाली. "आधी ती मुलं मला चिडवायची ना, आता चिडवत नाहीत. मीच आधी हसते."

काळूमामाला हसू आलं नाही. त्याने ते तोंडात शोधून पाहिलं, पण हाताशी लागेना. इतकं वाईट त्याला बापाच्या मरणातही वाटलं नव्हतं. तिथेही त्याने काहीतरी बोलून चार माणसांना हसवलंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सभेला गेलाच कशाला? तर त्याने जन्मात कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही, आणि आता या वयात ते जमवायचं म्हणजे दात पडल्यावर चणे खायला बसण्यासारखं. तो गेला. मात्र मनाशी ठरवून गेला, की आज सरळ बोलायचं. वाटेत पुटपुटून वाक्य पाठ केलं.

सभागृह गच्च भरलं होतं. "आता येताहेत आपल्या सगळ्यांचे लाडके काळूमामा," असं निवेदकाने म्हणायचा अवकाश, टाळ्यांनी छत दणाणलं. माइकशेजारी छोट्या टेबलावर डबी मांडून ठेवली होती. काळूमामाने तिला हात लावला नाही. घसा खाकरला आणि म्हणाला, "मला या नावाचा राग येतो."

सभागृह हसून लोळायचंच बाकी राहिलं.

"राग येतो मला," तो पुन्हा म्हणाला. "खरंच येतो."

आणखी हशा. "वा, मामा," कुणीतरी मागून म्हणालं. पुढच्या रांगेतल्या बाई पदराने डोळे पुसू लागल्या. धाकटे मालक खूश होऊन मान डोलावत होते. काळूमामाच्या मनात आलं, शाबास रे गड्या, जन्मभर अशी काही तालीम केलीस की आता तुला साधं चिडताही येत नाही. वर मेला तो शब्दही अगदी टायमिंगने पडला होता, हे त्याच्यातल्या सेल्समनने टिपलंच. सवयीने ओठांचे कोपरे वर जायला निघाले. आता हा हसणार आणि सगळे याच्यासोबत हसणार, की झालं नेहमीसारखं.

तो हसला नाही.

तोंड मिटून, हात बाजूला सोडून नुसता उभा राहिला. हशा उसळला, याच्यापर्यंत आला आणि याच्याकडून काहीच परत मिळेना तेव्हा बिचकला. काही जण थांबले, काही जण थांबलेल्यांकडे बघून थांबले, एक गृहस्थ मात्र बराच वेळ एकटेच हसत राहिले आणि मग खोकल्याचं निमित्त करून गप्प झाले. मग काळूमामा म्हणाला, "माझी नात वर्गात डबी गालाला लावते. हे तिला मी शिकवलं. आता बदला नाव, नाहीतर नका बदलू. मला एवढंच सांगायचं होतं." आणि खाली उतरला. टाळी एकही पडली नाही. पुढचा वक्ता घाईघाईने परंपरेवर बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, "काळूमामांनी सभेत हास्याचे फवारे उडवले." वार्ताहर बहुधा पहिलं वाक्य ऐकून चहाला गेला असावा. काळूमामाने पेपर घडी करून गादीखाली सारला, जणू गावात तेवढा एकच पेपर छापला होता. मुलीने तो वाचला असणारच. संपलं. जन्मात एकदा काय ते शहाण्यासारखं वागलो आणि त्याचीही छापून थट्टा झाली, असं तो बायकोला म्हणाला. दुपार झाली तरी त्याने कडीला हात लावला नाही. खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

कडी वाजली. दारात नात होती आणि तिच्यामागे मुलगी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. "शेवटच्या रांगेत जागा मिळाली मला काल," मुलगी चपला काढता काढता म्हणाली आणि आईला मदत करायला स्वयंपाकघरात निघून गेली. पेपरचा विषय कुणीच काढला नाही.

नात दप्तरासकट आजोबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही काल चिडला होतात?"

"हो."

"आई म्हणाली, खरं खरं चिडला होतात."

"हो गं."

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, थट्टा चालली आहे का ते बघत असावी. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"कधीपासून?"

काळूमामाने तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं. "मी तुझ्याएवढा होतो ना," तो म्हणाला, "तेव्हापासून."