कित्तूरकर अण्णांचा एकुलता एक अंक

माझ्या आईने एका परदेशी वाङ्मयीन त्रैमासिकाला खाकी कव्हर घातलं, त्या आठवड्यात माझं वजन तीन किलोंनी उतरलं.

ही नव्वदीतली गोष्ट. पुण्याहून बंगळुरात येऊन आम्हाला दोनच वर्षं झाली होती. माझी नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, कॉम्प्युटरवर. पण पुण्याचा आहे म्हणजे याला साहित्यातलं कळत असणार, असा आमच्या मराठी मंडळाचा समज होता. (तो मी कधी दूर केला नाही. फुकटचा मान कोण सोडतो!)

मंडळात सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे कित्तूरकर अण्णा. मूळचे बेळगावकडचे, आता निवृत्त. स्वतःच्या मराठी कवितांचं स्वतःच इंग्रजी करायचे आणि परदेशी मासिकांना पाठवायचे. अकरा वर्षं त्या कविता न चुकता परत आल्या. बाराव्या वर्षी एक छापून आली! जगभरच्या कथा, कविता, निबंध छापणारं चांगलं जाडजूड त्रैमासिक. नामवंतांच्या पंक्तीला उदयोन्मुखांनाही बसवणारं. त्यात आमचे अण्णा उदयोन्मुख, वय वर्षं अडुसष्ट. कवीला भेट म्हणून एकच प्रत मिळाली होती, तीही बोटीने चार महिन्यांनी.

मंडळाने रविवारी अण्णांचा सत्कार ठरवला आणि परिचयाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. मंगळवारी अण्णा स्वतः अंक घेऊन घरी आले.

“स्वल्प जपून हं,” ते म्हणाले. “एकच प्रत हाय बघ. रविवारी ह्यातनंच वाचायची मला. माझी बहीण येणार हाय धारवाडहून, तिला दाखवायचं हाय.”

“अण्णा, काळजीच सोडा!”

अण्णांनी काळजी सोडली आणि मी अंक टीपॉयवर सोडला.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई दर जूनमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे यायची, कारण जूनमध्ये शाळा उघडते आणि शाळा उघडली की पुस्तकांना कव्हरं घालावी लागतात. आमच्या घरात हा सोहळा गणपतीच्या खालोखाल. आई खाकी कागद जमिनीवर पसरते, अंगठ्याच्या नखाने घडी मारते, आणि ते कव्हर वर्षभर हलत नाही. अडचण एवढीच, की एकदा हात चालू झाला की थांबत नाही. त्या वर्षी टेलिफोन डिरेक्टरी, गॅसचं पुस्तक आणि माझा पासपोर्टसुद्धा खाकी झाला होता!

बुधवारी मी ऑफिसात असताना आईला टीपॉयवर अंक दिसला. त्याच्या मुखपृष्ठावर एका बाईचं चित्र होतं. बाई पाठमोरी होती, पण पाठ कमरेपर्यंत उघडी. घरात चौथीतली नात! आईने त्या बाईला तातडीने खाकी कागदात गुंडाळलं. आमच्या चिऊने सगळ्या विषयांची लेबलं आधीच लिहून ठेवली होती, आणि इंग्रजीचं पुस्तक दुकानात संपल्याने आणायचं राहिलं होतं. त्यामुळे ‘इंग्लिश रीडर, चौथी ब’ हे लेबल शिल्लक होतं. आतमध्ये इंग्रजी मजकूर पाहून आईने ते चिकटवलं. चिऊने गुरुवारी सकाळी पुस्तक दप्तरात घातलं आणि ती शाळेत गेली.

हे सगळं मला नंतर कळलं. बुधवारी संध्याकाळी एवढंच कळलं की टीपॉय रिकामा आहे.

घरात एक प्रश्न विचारला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण महिन्याभरापूर्वीच मी रेल्वेची तिकिटं हरवली होती आणि माधवीने, म्हणजे माझ्या बायकोने, ती गोष्ट मंडळात रंगवून सांगितली होती. तेव्हा मी ठरवलं, कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. मी पलंगाखाली शिरलो, माळ्यावर चढलो, पिठाच्या डब्यातही पाहिलं.

“काय शोधतोयस?” माधवीने विचारलं.

“काही नाही. व्यायाम.”

मग आठवलं, त्याच दुपारी रद्दी गेली होती! गुरुवारी ऑफिसला दांडी मारून मी बंगळुरातल्या शिवाजीनगरला रद्दीवाल्याच्या ढिगाऱ्यात बसलो. तिसऱ्यांदा उपसायला घेतल्यावर तो हात जोडून म्हणाला, “सार, स्वल्प दया करो. उसमें आपका कुछ नहीं है.”

त्यात अण्णांचे फोन.

“काय रे, वाचलास की नाही?”

“वाचली ना अण्णा! शब्दच नाहीत!” (खरंच नव्हते. अंकच नव्हता!)

“सरी, सरी, बरं तर. बहिणीला सांगतो.”

फोन ठेवल्यावर मी पुन्हा एकदा पलंगाखाली शिरलो. बारा वर्षांची तपश्चर्या आणि ती मी दोन दिवसांत हरवली. शुक्रवारी मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चिऊ रडत घरी आली. “बाईंनी मला वाचायला उभं केलं. सगळ्यांच्या पहिल्या धड्यात माळी आहे. माझ्यात एक माणूस बायकोला सोडून दुसऱ्याच बाईबरोबर हॉटेलात राहतो!”

“मग?”

“मग मी वाचलं. दोन पानं. सगळे एकदम शांत बसले होते.”

डायरीत चिठ्ठी होती, उद्या सकाळी मुख्याध्यापिकांना भेटा. पुस्तक जप्त झालं होतं. म्हणजे अंक सापडला! मी आनंदाने उडीच मारली. माधवी माझ्याकडे बघतच राहिली.

शनिवारी आईही बरोबर निघाली. “माझी कव्हरं आहेत, मी येणार.” मुख्याध्यापिकांनी खाकी पुस्तक टेबलावर दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि इंग्रजीत विचारलं, “तुमच्या घरात हे कोण वाचतं?”

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “माझी आई, मॅडम.”

बाईंनी नऊवारीतल्या आईकडे पाहिलं. आईला इंग्रजी येत नाही. तिने पाहिलं की बाईंचं बोट कव्हरावर आहे. “हां हां,” ती अभिमानाने हिंदीत म्हणाली, “सब मैंने ही किया. बचपन से करती हूँ. पूरे मोहल्ले को सिखाया!”

बाई पाणी प्यायल्या. मग त्यांनी अंक माझ्याकडे न देता आईच्या हातात ठेवला आणि तिला वाकून नमस्कार केला. एका पानालाही मुरड नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, आणि घरी येऊन मी जो झोपलो तो रविवारी सकाळीच उठलो.

सभागृहात अण्णांनी अंक हातात घेतला, कव्हरावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. “अय्यो, कव्हरबी घातलास? एवढं कोण करतंय रे?” मी विनयाने मान खाली घातली. (आई पहिल्या रांगेतून माझ्याकडे रोखून बघत होती.)

भाषणाची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं, कविता वाचायची राहूनच गेली! अण्णांच्या हातून अंक घेऊन भरभर पानं उलटली. अण्णांचं नाव सापडलं. दिवाळी अंकांवर वाढलेला माणूस मी. आपल्याकडे कवितेखाली कवीचं नाव असतं. मी नावाच्या वरची कविता पाहिली. बर्फ, रेनडिअर, गोठलेलं तळं. मी आठ मिनिटं बोललो. बेळगावच्या माणसाच्या अंतरीचा बर्फ या विषयावर मी जे बोललो, ते ऐकून धारवाडच्या बहिणीने पदर डोळ्यांना लावला.

अण्णा उठले. “फार छान बोललास. पण त्या लोकांच्यात नाव वर छापतात बघ. माझी कविता नावाच्या खाली हाय. म्हशीवर हाय.”

सभागृह पाच मिनिटं हसत होतं, अण्णा सगळ्यांत जास्त. मग त्यांनी म्हशीची कविता वाचली आणि ती खरोखर सुंदर होती. अंक सुखरूप, अण्णा खूष, मीही हसून घेतलं. वाईट वाटतं ते त्या बर्फाच्या कवीचं. बंगळुरात भर सभेत त्याच्यावर आठ मिनिटं भाषण झालं, आणि भाषण करणाऱ्याने त्याच्याही पहिल्या चारच ओळी वाचल्या होत्या!