डोंगरावरच्या गुहेसाठी तणस

आमच्या करडी गावात कोणी उंचीच्या गोष्टी सांगू नयेत. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मध्ये तलाव, आणि तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, चढलं तरी धाप लागून कमरेवर हात ठेवून उभी राहणारी माणसं. अशा गावात माझ्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, हिमालयातली गुहा आणली. ते फौजेत होते. बर्फातल्या चौकीवरून समोरच्या कड्यावर, जिथे गवताची काडी उगवत नाही आणि माणसाला श्वास पुरत नाही, तिथे त्यांना एक काळं तोंड दिसलं होतं.

"फौजी फेकून राहिला," असं म्हणत गाव हसलं. मीही मुळात संशयी, भाजीवाल्याचा काटा दोनदा बघणारी. हाती मोबाईल आल्यावर मी शोधाशोध केली. उंच डोंगरांवर गुहा पाहिल्याचं सांगणारे बरेच निघाले. एकाला दिसते, तर पुढच्याला त्याच जागी नुसता खडक. कोणी म्हणतं सावली, कोणी म्हणतं विरळ हवेत डोकंच ठिकाणावर राहत नाही. पटत काहीच नव्हतं, पण वाचताना अंगावर काटा यायचा. खरंच असेल तर? आत कधी दिवा लागलेला नाही, कोणी हाक मारलेली नाही, जग झालं तेव्हाचा अंधार तिथे तसाच बसून आहे. मला देवळातसुद्धा कधी इतकं लहान वाटलं नाही.

एका माणसासमोर मात्र या गुहेची थट्टा चालत नसे. सिहोऱ्याची एक म्हातारी. तिचा मुलगा मोठ्या बाबांचा जिवलग दोस्त, एकाच चौकीवरचा. तो त्याच कड्याकडे गेला असताना वादळ आलं आणि तो परत आला नाही. शरीरही सापडलं नाही. मोठे बाबा त्याची पेटी घेऊन तिच्या घरी गेले, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्याले लय वारा लागला असंल का रे, बाबू?"

"नाही, माय," मोठे बाबा म्हणाले. "तिथं गुफा हाये. आत जाऊन बसला असंल."

तेव्हापासून धानाची चुरणी-मळणी आटोपली की ती तुमसरला गाडी बदलून आमच्याकडे यायची, काखेत नव्या तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, पेंडी घेऊन. आमच्याकडे हिवाळ्यात खळ्यावर राखणीला जाणारा माणूस ढिगात खोपा करतो, खाली तणस पसरतो आणि उबेला झोपतो. गुहा झाली म्हणून काय, खाली तणस नको? ती पेंडी मोठ्या बाबांच्या हाती द्यायची आणि म्हणायची, "वर पोहोचव." मोठे बाबा शिडी लावून ती घराच्या आढ्यावर ठेवायचे. घरातली सगळ्यात उंच जागा तीच. काही दिवसांनी पेंडी नाहीशी व्हायची. वाऱ्याने नेली की वानरांनी, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही. मला आधी हसू यायचं. पुढे पुढे ती शिडीखाली मान वर करून उभी राहिली की मीही तिच्यासोबत वर बघायला लागले.

मागच्या हिवाळ्यात ती आली ती काठी टेकत, पण काखेत पेंडी होतीच. चहा झाल्यावर मला म्हणाली, "पोरी, मोबाईलात सारं जग दिसते म्हणते. मले तो डोंगर दाखव ना."

मी मोठ्या बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी मान डोलावली. मी त्यांच्या चौकीच्या भागाचं उपग्रहातून घेतलेलं चित्र उघडलं. पडदाभर पांढरं, त्यात करड्या रेघा. मी मोठं करत गेले, तरी डोंगर संपेना. आमचा अख्खा तालुका त्या एका उतारावर हरवला असता. म्हातारी कितीतरी वेळ श्वास रोखून बघत राहिली. "अगं माय," ती हळूच म्हणाली, "एवढा मोठा हाये?" मग तिने बोट फिरवलं. "गुफा कुठी हाये?"

गुहा नव्हती. वरून बघताना कड्याचं तोंड दिसणारच नाही, असं मी सांगू लागले, तर मोठ्या बाबांनी मला थांबवलं. त्यांनी चष्मा काढला.

"माय, मी पक्की गुफा नाही पाह्यली," ते म्हणाले. "ढग फाटला तेवढ्यात काळं दिसलं. मंग ढग मिटला. सावली बी असंल. तुले कसं सांगू, म्हणून हे आजवर बोललोच नाही."

इतक्या वर्षांचा तिचा आधार आमच्या ओसरीवर मोडला, असं मला वाटलं. ती मोबाईलकडे बघत होती.

"सावली?" तिने विचारलं.

"हो, माय."

"मंग ऊन कशानं अडलं?"

मोठ्या बाबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि चित्राकडे पाहिलं.

"काहीतरी आड असंलच ना, बाबू. ऊन अडलं तिथं थोडा वारा बी अडला असंल."

मोठे बाबा लहान लेकरासारखे रडले. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग काठी घेऊन उठली आणि अंगणातल्या आमच्या तणसाच्या ढिगापाशी गेली.

"नुसता आडोसाच हाये तं एका पेंडीनं भागायचं नाही," ती म्हणाली. "तुमच्यातली आणखी एक बांधून दे."